समन्स आणि सुईची भोके

भगवंताने काही माणसांच्या जिभेवर साखर ठेवून त्यांना धाडले, काहींच्या जिभेवर सुई ठेवली. आमचा बुकबाइंडर या दुसऱ्या पंगतीतला. पाठ वाकलेली, बोटांना खळ, नखात दोऱ्याचा तुकडा. पण फाटके पुस्तक हाती घेई ते तापाने फणफणलेले लेकरू घ्यावे तसे. सव्वीस वर्षे त्याने सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तके शिवली आणि सव्वीस वर्षे गिऱ्हाइकांना खरे ते सांगितले. पहिल्या कामाने घर चालले, दुसऱ्याने समन्स आणले.

घडले ते असे. एका संस्थेच्या अध्यक्षमहाशयांनी स्वतःचे चरित्र स्वतःच लिहिले, स्वतःच छापले, आणि तो नऊशे पानी गौरव बांधायला दुकानात आणला. ही बांधणी किती टिकेल, असे त्यांनी चारचौघांत विचारले. बाइंडर म्हणाला, "निश्चिंत असा साहेब. उघडलं जाणारं पुस्तक उसवतं. ह्याला काही होत नाही."

चारचौघे हसले. अध्यक्षमहाशय हसले नाहीत. त्यांनी फौजदारी न्यायालयात बदनामीची फिर्याद केली. आठवडा उलटायच्या आत समन्स दारात: आरोपी म्हणून हजर राहा.

तुरुंगाला तो भ्याला नाही. भ्याला तो ग्रंथालयाच्या नियमाला. ज्याच्यावर फौजदारी खटला चालू, त्याचे नाव कारागिरांच्या यादीतून कमी. आणि नवी यादी तोंडावर आली होती. आपण गेलो की ती पुस्तके कुणा स्टेपलर मारणाऱ्याच्या हाती पडणार, या विचाराने त्याला घास उतरेना. बायकोने ताट पुढे सरकवत सुनावले, की अहो, जगाची पाने शिवता, एकदा स्वतःचे तोंड शिवून बघा. भाची वकील होती. तिनेही माफी मागून मोकळे व्हा म्हटले. मामा म्हणाला, खोटे बोललो असतो तर दोनदा मागितली असती.

अखेर भाची त्याला घेऊन न्यायालयाच्या दप्तरखान्यात गेली. धुळकट टेबलावर कारकुनाने फाइल टाकली. पहिली फिर्याद, मग फिर्यादीचा शपथेवरचा जबाब, मग समन्स काढण्याचा हुकूम. क्रम निर्दोष, तारखा निर्दोष. कायदा सांगतो, आधी फिर्यादीला शपथ घालून विचारा, मगच दुसऱ्याला आरोपी म्हणून बोलवा. इथे तसेच झालेले दिसत होते. भाचीने निराशेने फाइल मिटली. मामाने ती उघडली, एक अक्षर वाचले नाही, केवळ समासावरून बोट फिरवत गेला.

"हा जबाब नंतर घातलाय."

"कशावरून, मामा?"

"फिर्यादीच्या कागदाला भोकांच्या दोन जोड्या. हुकुमाला दोन. मधल्या जबाबाला एकच. फाइल शिवली, उसवली, पुन्हा शिवली. पहिल्या शिवणीत हा कागद नव्हताच."

कारकुनाला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

भाचीने वरच्या न्यायालयात अर्ज केला, की जबाबावाचून काढलेले हे समन्स रद्द व्हावे. अध्यक्षांचे वकील हसून म्हणाले, न्याय काय आता सुईच्या भोकातून ओवायचा? न्यायाधीशबाईंनी एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरला. फिर्यादीतून प्रकाशाचे चार ठिपके आले, हुकुमातून चार, जबाबातून दोन. मग कारकुनाला बोलावणे गेले, आणि त्याने कबूल केले: फिर्यादी बडे गृहस्थ, त्यांना थांबवायचे कसे, म्हणून समन्स आधी निघाले, जबाब दहा दिवसांनी घेऊन मागची तारीख टाकली. समन्स रद्द झाले. फिर्याद चालवायचीच असेल तर जबाब आता नव्याने, भर न्यायालयात.

त्या दिवशी बाके भरून गेली होती. अध्यक्षमहाशयांनी ऐटीत शपथ घेतली. मॅजिस्ट्रेटने विचारले, "तो नेमकं काय म्हणाला?"

"लेखी दिलंय, महाराज."

"तोंडी सांगा. आणि त्यात खोटं काय, तेही सांगा."

अध्यक्षमहाशयांनी बाकांकडे पाहिले. पाणी प्यायले. आणि नऊशे पानांत जे त्यांना एकदाही साधले नव्हते, ते त्या क्षणी साधले: मौन. फिर्याद मागे घेतली गेली, यादीतले नाव शाबूत राहिले.

बाहेर पडताना बाइंडर कारकुनापाशी थांबला. भाचीने घाईने त्याची बाही धरली, पण त्याचा स्वर अगदी मायेचा होता. "दादा, तुमचा दोरा फार कच्चा आहे. बिचारे कागद निखळतील. उद्या चांगला आणून देतो, आणि टाका कसा घालायचा तेही दाखवतो."