मीटरबाईंची वही

उसाचं कांडं दातानं सोलून, एक तुकडा चघळून, चोथा तळहातावर काढून त्या आकडा सांगायच्या. "साहेब, साडेसतरा." मग मी त्याच कांड्याचा रस मीटरच्या काचेवर टाकायचो आणि उजेडाकडे तोंड करून बघायचो. सतरा पॉइंट चार, नाहीतर सतरा पॉइंट सहा. रसात गोडी किती हे मोजणारं ते हातात मावणारं, लहानशा दुर्बिणीसारखं यंत्र. एवढ्या वर्षांत त्याच्याशी पैज लावून जिंकणारी एकच जीभ मी पाहिली. प्रयोगशाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव मीटरबाई ठेवलं. हजेरीपत्रकात सुनंदा होतं, पण ते हजेरीपुरतंच.

मी गंमत म्हणून खिशातल्या डायरीत दोन रकाने पाडले होते. एकाच्या डोक्यावर 'जीभ', दुसऱ्याच्या 'मीटर'. रोज फडातून आलो की दोन्ही आकडे लिहायचे आणि किती फरक पडला ते बघून हसायचं. ही डायरी पुढे कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर कदाचित लिहिलीच नसती.

माजलगावच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी मुख्य रसायनशास्त्रज्ञ होतो. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं आणि दरवर्षी संचालक मंडळ मुदतवाढ देईल तसं माझं चाललं होतं. त्या काळात विद्यापीठानं एक नवी पदवी सुरू केली. आठवड्यातले दोन दिवस कॉलेजात, चार दिवस कारखान्यात; कारखान्यातल्या कामाला विद्यावेतन आणि त्या कामाचेच गुण पदवीला धरायचे. आमच्याकडे पहिल्या तुकडीत पाच जण आले. चार पोरं विशीतली. पाचव्या मीटरबाई, बत्तीस वर्षांच्या, धर्मापुरीच्या, बारावी होताच लग्न होऊन दहा हंगाम नवऱ्याबरोबर ऊस तोडलेल्या.

पहिल्या दिवशी सासरे सोबत आले होते. डोक्याला पटका, हातात पिशवी. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"साहेब, शाळेला पैसे भरावं लागत्यात का शाळा पैसे देती?"

"शाळा नाही देत, बाबा. कारखाना देतो. काम करायचं, त्यातच शिकायचं, शेवटी डिग्री."

म्हाताऱ्यानं सुनेकडं पाहिलं. "मंग आमी इतकी सालं काम केलं, आमाला कावून न्हाई दिली डिग्री?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मीही हसलो. म्हाताऱ्यासाठी चहा सांगितला.

त्यांना पदवी कशासाठी हवी होती हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. थोरली मुलगी शाळेत जात होती आणि खालचा मुलगा लहान होता. फडावर गेलं की थोरलीनं धाकट्याला सांभाळायचं, म्हणजे सहा महिने शाळा बुडायची. "माझ्या हातातला कोयता सुटला तर तिची शाळा सुटत न्हाई. एवढाच हिशोब हाय साहेब." पदवी मिळाली की प्रयोगशाळेत कायमची जागा मिळायची होती. तसं कारखान्यानं कबूल केलं होतं.

कामाची नोंद प्रत्येकानं एका वहीत ठेवायची आणि आठवड्याला मी, म्हणजे मार्गदर्शकानं, तिच्यावर सही करायची असा नियम होता. वही हातात घेण्याआधी बाई दोन्ही हात पदराला पुसायच्या, हात स्वच्छ असले तरी. पहिल्याच आठवड्यात त्यांचा एक आकडा चुकला आणि त्यांनी तो गिरवून गिरवून काळा केला. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "चुकलं तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. चूक लपवली की वही मेली."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आन बरोबर असलेलं कुणी चुकीचं केलं तर?"

"असं कोण करेल?" मी म्हणालो.

त्या मला शिकवत होत्या हे मला फार उशिरा कळलं. ऊस पिकला का हे बघायला आमची नवी पोरं खालचं कांडं घ्यायची, कारण तिथपर्यंत हात सहज पोचतो. बाई वरचंही घ्यायच्या. उसाचा बुडखा आधी गोड होतो, शेंड्यात गोडी सगळ्यात शेवटी चढते. दोन्हीकडची गोडी जवळ आली की ऊस तोडायला आला. हे पुस्तकातही आहे, पण पुस्तकात ते गुणोत्तर म्हणून आहे. बाई म्हणायच्या, "बुडखा सगळ्यांचाच गोड असतोय. शेंड्याला इचारा." कुणी माणसांची तारीफ केली तरी हेच वाक्य. संचालक निवडणुकीआधी गोड बोलू लागले की प्रयोगशाळेतली पोरं एकमेकांत म्हणायची, "शेंड्याला इचारा बे." आणि बाई काहीच न ऐकल्यासारखं करून बाटल्या धूत राहायच्या.

कॉलेजचे दोन दिवस करून आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन असायचं. एकदा आल्या आल्या म्हणाल्या, "साहेब, दहा सालं मोळ्या डोक्यावर वाहिल्या, आन त्यात काय हाय त्याचं नाव आज कळलं. सुक्रोज." तो शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. घरी नव्या सुनेचं नाव घेऊन बघतात तसा.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. कोणाचा फड आधी तोडायचा हे आमच्या मोजणीवर ठरायचं. अठराच्या खाली आकडा असेल तर तो फड थांबायचा. एका संचालकाचा आणि त्याच्या भावकीचा मिळून मोठा सलग पट्टा होता. बाईंनी तो मोजला. आधी जिभेनं, मग मीटरनं. सोळा पॉइंट दोन. वहीत लिहिलं आणि माझ्या टेबलावर सहीला ठेवलं.

संध्याकाळी संचालक माझ्या केबिनमध्ये आले. त्यांना रान लवकर मोकळं करून गहू पेरायचा होता. चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाले, "तुमची मुदतवाढ पुढच्या बैठकीत हाय म्हनं. आमी हावोतच." फडाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

वहीत आकडे इंग्रजीत लिहायची पद्धत होती. इंग्रजी सहाचा आठ करायला पेनाचं अर्धं वळण पुरतं. मी ते वळण दिलं आणि खाली सही केली.

तो पट्टा तोडला गेला. तलवाड्याच्या एका शेतकऱ्याचा पिकलेला ऊस मागे पडला, उभ्या उसाला तुरे येऊन गोडी उतरली. इकडे कारखान्याचा उतारा घसरला, म्हणजे तेवढ्याच उसातून साखर कमी निघू लागली. तलवाडेकरानं तक्रार केली, चौकशी लागली. संचालकांच्या रानात एक कोपरा तोडायचा राहिला होता, तो नव्यानं मोजला. सोळा निघाले. रानात सोळा आणि वहीत अठरा. वही कुणाची, तर मीटरबाईंची.

चौकशीच्या खोलीत मी बसलो होतो आणि त्या दाराजवळ उभ्या होत्या. कार्यकारी संचालकांनी मला विचारलं, "हे कसं झालं?"

मी म्हणालो, "शिकाऊ हात आहे. मोजताना चूक झाली असावी."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

वही बाईंसमोर उघडी धरली होती. त्यांनी तो आठ पाहिला. आपल्या हातचा सहा प्रत्येकाला ओळखू येतो. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिल्या. मी टेबलावरच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर वाचत होतो. त्यातला प्रत्येक रविवार आजही मला आठवतो. बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "न्हाई. काही न्हाई."

त्यांची शिकाऊ नेमणूक रद्द झाली. विद्यापीठाला पाठवायच्या कागदावर कामाचा शेरा मार्गदर्शकानं लिहायचा होता. 'असमाधानकारक' हा शब्द माझ्या अक्षरात आहे. त्यामुळे पदवी अडली आणि जागा दुसऱ्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांचा पांढरा कोट होता, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला. वर मीटर, तेही पुसून. वही त्या घेऊन गेल्या होत्या. मला मुदतवाढ मिळाली. एका हंगामाची.

यंदा मला एकाहत्तर पूर्ण झाली. साखरेत जन्म काढला, आता रक्तात साखर आहे. उन्हाळ्यात औषधांच्या चिठ्ठ्या शोधताना ती डायरी सापडली. जीभ आणि मीटर. त्या तारखेला दोन्ही रकान्यांत एकच आकडा होता, सोळा पॉइंट दोन. त्या दिवशी फरक शून्य पडला होता, आणि शेजारी मी 'शाबास' असं लिहिलं होतं.

मी दोन पत्रं लिहिली. एक कारखान्याला, एक विद्यापीठाला. आकडा मी बदलला, शेरा खोटा लिहिला, सोबत डायरीच्या पानाची प्रत. कारखान्याकडून उत्तर नाही. विद्यापीठाकडून आलं: विद्यार्थिनीचा बैठक क्रमांक कळवावा. तो माझ्याकडे नव्हता. तो विचारायला जाणं भाग पडलं. तसं झालं नसतं तर मी गेलो असतो का, हे खात्रीनं सांगता येत नाही.

धर्मापुरीला जुन्या देवळाच्या बाजूनं आत गेलं की त्यांचं घर. सकाळची वेळ होती. बाई दारात डाळ निवडत होत्या. उठल्या, पदर सारखा केला आणि "या साहेब" म्हणाल्या, जसं काही मी गेल्या आठवड्यातच आलो होतो. मुलीनं पाणी आणून दिलं. मी पत्राची प्रत पुढे केली आणि बैठक क्रमांक मागितला.

त्यांनी पत्र सावकाश वाचलं. "क्रमांकाचं काय काम न्हाई आता. डिग्री मिळाली मला."

कॉलेजातल्या एका मॅडमनी वर्षभरानं गोदावरीपलीकडच्या कारखान्यात त्यांना पुन्हा जागा मिळवून दिली होती. शेवटचं वर्ष नव्यानं केलं. आता तिथंच प्रयोगशाळेत होत्या, हंगाम संपल्यावर घरी आल्या होत्या.

"मग मधलं वर्ष?" मी विचारलं.

"मधल्या साली कोयता. विद्यावेतन बंद झालं, घरात दुसरं काय होतं? सातवीतून हिला काढली, संगं नेली. भाऊ हिच्या कडेवर." त्यांनी मुलीकडं पाहिलं नाही. "आता नववीला हाय. हिच्या मैत्रिनी दहावीला गेल्या."

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्ही काहीच का बोलला नाहीत? तो आठ तुम्ही ओळखला होता."

"तुमी बोलताल म्हनून थांबले." सुपातला एक खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला. "तुमीच शिकवलं होतं ना समदं. मला वाटलं, बोलतील आता. लई वेळ वाटलं."

मी माफी मागितली. ते शब्द वाटेत बसमध्ये जुळवून ठेवले होते, त्यातले निम्मे आले. बाई आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. दोन्ही हात पदराला पुसले, ते पान उघडलं, पेन माझ्या हातात दिलं.

"आधी हे करा."

मी त्या आठावर आडवी रेघ मारली. शेजारी सोळा पॉइंट दोन लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली. बाईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"आता वही जित्ती झाली," त्या म्हणाल्या. "माफीचं म्हनाल तर माझं साल भरून निघालं, साहेब. डिग्री हाय, पगार हाय. माझं समदं गोड हाय. पन मी बुडखा झाले." मग पहिल्यांदाच त्यांनी दाराकडं, मुलीकडं मान वळवली. "शेंड्याला इचारा."

मुलगी चौकटीला टेकून उभी होती. तिला मी काय विचारणार? तिचं जे वर्ष गेलं त्यात तिनं काय काय केलं हे विचारायचंही माझ्यात धैर्य नव्हतं. तीच पुढे आली, आईच्या हातातून वही घेतली आणि ते पान बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "रेघ वाकडी आली."

"हो," मी म्हणालो. "पण गिरवायची नाही."

तिनं वही उजेडाला नेली. रेघेखालच्या आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. मग शेजारचा वाचला. मग माझी सही, एकेक अक्षर लावून, पूर्ण नावासकट.