डाव्या खांद्याचा दस्ता

“सवतीला तेल लावतेय,” असं म्हणून काकू तळव्यावर जवसाच्या तेलाचे चार थेंब घ्यायच्या आणि पुन्हा लाकूड चोळायला लागायच्या. अमेरिकेत चँडलरला आमच्या शेजारच्या या काकूंचं गॅरेज उघडं असलं, की तुम्हालाही हेच दिसलं असतं: ओढणी कमरेला खोचलेली, चष्मा नाकावर घसरलेला आणि मांडीवर रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग.

सवत म्हणजे काकांची रायफल. काका नागपूरचे, कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी शिकलेले. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झाल्यावर ते दर रविवारी वाळवंटातल्या रेंजवर कागदी टार्गेटवर नेम धरायला जायचे. काकूंना ते मुळीच आवडायचं नाही. “यांचा सगळा जीव तिच्यात. घरात मात्र मी तिला पाऊल टाकू देणार नाही,” म्हणून रायफल गॅरेजच्या कपाटात कुलपात असायची.

दोन हजार चारच्या सुमारास काकांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, वाचा गेली. उरले फक्त दोन शब्द: “राहू दे.” जेवायला वाढलं तरी राहू दे, मुलीचा फोन आला तरी राहू दे.

एका सकाळी ते गॅरेजमध्ये रायफल डाव्या खांद्याला लावू पाहत होते. दस्ता उजव्या खांद्यासाठी कोरलेला. तो गालाला टेकेना. त्यांनी ती खाली ठेवली आणि तिथेच बसून रडले.

“इतक्या वर्षांच्या संसारात यांना रडताना पाहिलं नव्हतं रे,” काकू मला म्हणाल्या. दारातूनच ते पाहून त्या आत गेल्या होत्या. आठवड्याभरात त्यांनी मागवलेला, अक्रोडाच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता पार्सलने घरी आला.

लाकूड धरायला मला बोलावणं यायचं. रायफलच्या नळीचं लोखंड लाकडात केसभरही हलता कामा नये, म्हणून मधल्या फटीत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरायचं. पण आधी लोखंडाला मेण लावायचं, नाहीतर दोन्ही कायमची चिकटतात. “मोदकाच्या साच्याला तूप लावतो ना, तस्संच,” काकू म्हणाल्या. तरी दुसऱ्या दिवशी लोखंड सुटून येईपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही.

खरं काम होतं मापाचं. काकांना खुर्चीत बसवून काकू दस्ता त्यांच्या डाव्या खांद्याला लावायच्या.

“कुठे टोचतंय?”

काका बोट ठेवायचे. काकू तिथे कानस फिरवून पुन्हा लावायच्या. “आता?” बोट दुसरीकडे जायचं. वाचा गेल्यापासून त्या दोघांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. एकदा गालाजवळचं लाकूड तपासता तपासता काकूंचा हात काकांच्या गालावरच राहिला. मी उगाच खाली वाकून स्क्रू शोधायला लागलो.

हिवाळा संपता संपता आम्ही तिघं रेंजवर गेलो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. काकांच्या उजव्या बाजूला काकू बसल्या, कारण गोळी भरताना मागे ओढायचा बोल्ट उजव्या बाजूला आणि काकांचा तो हात चालत नव्हता. पहिली गोळी मातीत गेली. मला वाटलं, आता येणार “राहू दे”. काका टार्गेटकडे बघत राहिले.

“पु... पुन्हा,” ते म्हणाले.

काकूंनी बोल्ट ओढला. त्यांचे डोळे वाहत होते.

उन्हाळ्यापर्यंत ते दोघं दर रविवारी जात राहिले. मग दुसरा स्ट्रोक आला आणि काका गेले.

रेंजवरचा त्यांचा एक म्हातारा अमेरिकन मित्र रायफल न्यायला आला. त्याने ती खांद्याला लावून पाहिली, लाकडावरून हात फिरवला आणि मान हलवली. सुंदर आहे, म्हणाला, पण मला बसत नाही.

“कुणालाच नाही बसणार,” काकू मराठीतच पुटपुटल्या. मग त्याला म्हणाल्या, “यू टेक द गन. द वुड इज माइन.” त्याने स्क्रू काढून लोखंड वेगळं केलं.

काकू जर्सी सिटीला मुलीकडे कायमचं राहायला निघाल्या, त्या दिवशी त्यांना एअरपोर्टला मीच सोडणार होतो. बॅगा गाडीत ठेवून मी बोलवायला आत गेलो. रिकाम्या हॉलमध्ये काकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. दस्ता डाव्या खांद्याला लावलेला. काकांचा गाल जिथे टेकायचा, तिथे त्यांनी आपला गाल ठेवला होता आणि डोळे मिटले होते.

मी मागे फिरलो. दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर उन्हात उभा राहिलो.