टोकावड्याच्या काउंटरवरचा डेटाबेस

आमच्या शेठची खत-बियाण्यांची तीन दुकानं आहेत: शहापूर, मुरबाड आणि टोकावडे. शहापूरच्या दुकानात कॉम्प्युटरचं काम मी बघते. साठ्याची फाइल प्रत्येक दुकानाची वेगळी असायची. त्यामुळे शेणवे गावच्या एका बाईला आम्ही भाताच्या बियाण्यासाठी मुरबाडला पाठवलं आणि तिथलं बियाणं सकाळीच संपलेलं निघालं. तिने परत येऊन मला जे सुनावलं ते योग्यच होतं.

शेठ म्हणाले, "तिन्ही दुकानांच्या साठ्याच्या नोंदींना एकच डेटाबेस घेऊ. कुठला घ्यायचा, तुलना करून लिहून द्या."

मी मन लावून केलं. मुरबाडच्या कारकुनाला फोनवर धरून आम्ही दोघं शेवटची गोणी कॉम्प्युटरवर एकाच क्षणी विकून बघायचो. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस फुकटचा, पण त्याने एकालाच गोणी दिली, दुसऱ्याला साफ नकार. एका कंपनीचा विकतचा डेटाबेसही तितकाच चोख निघाला. शिवाय अडलं तर फोनवर मदत. पण तो चालणार इंटरनेटवरून, आणि टोकावड्याची लाइन वारा सुटला की जाते. म्हणून मी लिहिलं: शहापूरला पोस्टग्रेस, आणि टोकावड्याच्या मशीनवर इंटरनेटशिवाय चालणारी एसक्यूलाइटची छोटी फाइल. लाइन नसताना तिथल्या वाट्याचा माल त्या फाइलीतून विकायचा, लाइन आली की नोंदी इकडे यायच्या.

आठवड्याने माझाच अहवाल छापून समोर आला. तपासण्या माझ्या, शब्द माझे, फक्त शेवटची शिफारस बदललेली: विकतचा डेटाबेस. तो विकणारा शेठचा पुतण्या शेजारीच बसला होता.

"सही करा," शेठ म्हणाले.

"टोकावड्याची लाइन गेल्यावर काय करायचं?"

"हल्ली नेट सगळीकडे असतं, मॅडम," पुतण्या म्हणाला. टोकावडे त्याने पाहिलेलंही नव्हतं.

"घेतलाय आपण तो," शेठ म्हणाले. "भागीदारांना दाखवायला कागद लागतो."

निर्णय झाला होता तर मला राबवलं कशाला? मी शिफारशीखाली लिहिलं, 'हे मत माझं नाही', आणि मग सही केली. शेठनी कागद ओढून घेतला. पुढे मला कुठल्याच बैठकीला बोलावलं नाही.

पेरणीच्या तोंडावर टोकावड्याच्या काउंटरवरून फोन आला. "ताई, बियाण्याला बायका उभ्या हायत. स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय, बिल निघत नाय."

"माल आहे ना?"

"माल हाय गो, समोर थप्पी लागलीय. पण शेठ बोलले, बिलाबिगर गोणी द्यायची नाय."

मी शेठना फोन लावला. ते म्हणाले, "थांबायला सांगा." बायका थांबल्या, लाइन आली नाही आणि संध्याकाळच्या गाडीने त्या रिकाम्या हातांनी घरी गेल्या. बियाणं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तो डेटाबेस वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. टोकावड्याला कुणी विचारलंच नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर शेठनी तिथे दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. तिची वायर पहिल्या वायरीच्याच खांबांवरून येते.