अप्पांनी बोलावलेले पाहुणे

मी उदगीर सोडलं त्या दिवशी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, दुकान बंद ठेवलं. आमचं कापडाचं दुकान येळवशीचा सण सोडला तर सहसा बंद नसतं, त्यामुळे खाली ओढलेलं शटर बघून बाजारातले दोघं-तिघं घाबरून घरी आले. काही वाईट तर झालं नाही ना? अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, त्यांनाही चहा दिला आणि मला निरोप द्यायला येतील त्यांच्यासाठी ठेवलेले लाडू त्यांच्याच पुढ्यात सरकवले. एसटी सुटायच्या आधी अप्पा खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "माणसांशी बोलत जा, माय. गप बसणाऱ्याला परगावात कुणी पाणी इचारत न्हाई." उपदेश संपला. मग ते बराच वेळ एसटीच्या टायरकडे बघत राहिले, जणू हवा भरायची जबाबदारी त्यांच्यावरच होती.

मी त्यांचं ऐकलं, आणि पुण्यात पहिला महिना ऐकण्याची किंमत मोजत होते. विमा कंपनीचं ऑफिस, काचेच्या भिंती, कानात इयरफोन घातलेली माणसं. पहिल्या सोमवारी शेजारच्या गौरीनं विचारलं, "कसा गेला वीकेंड?" मी सगळा सांगितला. कपडे किती साचले होते, घरमालकीण काय म्हणाली, इथल्या गिरणीच्या पिठाची भाकरी थापताना कशी फाटते. मी भाकरीपर्यंत पोचले तेव्हा गौरीनं एक इयरफोन हळूच परत कानात घातला होता. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या निखिलला घरी कोण कोण असतं, भाडं किती, लग्न कधी करणार, एवढंच विचारलं. तो पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून उठला. बाटली भरलेलीच होती.

आमच्याकडे ह्याला चौकशी म्हणत नाहीत, बोलणं म्हणतात. पण हळूहळू मला इथली रीत समजली. 'कसा गेला वीकेंड'चं उत्तर 'मस्त' एवढंच असतं. 'बघू या' म्हणजे नाही. 'एकदा भेटू या निवांत' म्हणजे आता मी निघतो. मी हे शिकले आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. इथं कुणी वाईट नव्हतं. मी आजारी होते तेव्हा गौरीच खिचडी घेऊन आली होती, फक्त आली तेव्हा तिनं कपाटं उघडून बघितली नाहीत आणि मी अजून एकटीच का, हे विचारलं नाही.

तेच मला हवं होतं. मी लग्न केलेलं नाही. करायचं नाही असं अव्वा-अप्पांना सांगितलं तेव्हा अव्वा आठवडाभर रडली, अप्पा महिनाभर गप्प होते, आणि मग दोघांनी ते मान्य करून टाकलं. भावकीनं मात्र मान्य केलं नाही. भावकीला कुणी विचारलंच नव्हतं, हाच तिचा राग असावा. उदगीरला पाय ठेवला की रिक्षावाल्यापासून लग्नाचं विचारणं सुरू व्हायचं. सगळ्यात कहर येळवशीला.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. पुण्याच्या लोकांना हे सांगताना मला नेहमी कष्ट पडतात. अमावास्येचा कसला सण, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. आमच्या लातूर-उदगीर भागात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खिचडा. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाका मारून बसवतात. जळकोटच्या रस्त्याला आमचं थोडं रान आहे, वाट्यानं लावलेलं. तिथं आमची सगळी भावकी जमते.

काही वर्षांपूर्वी त्याच पंगतीत काकूनं सगळ्यांदेखत विचारलं, "कांते, यंदा तरी उजवायचं हाय का न्हाई?" तिच्या बहिणीनं री ओढली, मग तिसरीनं एक बिजवर सुचवला, चांगला शिक्षक हाय, दोनच लेकरं हायेत. मी भाकरी तशीच ठेवून उठले आणि बांधाला जाऊन उभी राहिले. त्यानंतर मी येळवशीला गेले नाही. दरवर्षी रजा मिळत नाही असं सांगायची. अव्वा फोनवर म्हणायची, "तुझ्या सायबाला अमुशा कळत न्हाई का?" अप्पा काहीच म्हणायचे नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एकदा जेवायच्या सुट्टीत अप्पांचा फोन आला. हात भाजीचे होते म्हणून मी स्पीकरवर टाकला. कॅन्टीनमधला गलका ऐकून अप्पांनी विचारलं, "कोण कोण हायेत तितं?" गौरी फोनकडे वाकून म्हणाली, "नमस्कार काका! तुमच्या भज्जीबद्दल फार ऐकलंय हं आम्ही."

"मग या की. समदे या येळवशीला. रानात जेवू."

"हो काका, नक्की येऊ!" गौरी म्हणाली. निखिल म्हणाला, "नक्की!" टेबलावरचे बाकीचेही काहीबाही गोड बोलले. फोन ठेवला आणि गौरीनं कोशिंबिरीत लिंबू पिळलं. विषय तिथंच संपला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

सण जवळ आल्यावर अव्वाचा फोन आला. "बाई, माणसं किती यायलीत? त्या हिशोबानं उंडे करते. तिकट खात्यात का न्हाई? अप्पानं समद्या भावकीत सांगून ठेवलंय, पुण्याहून कांताच्या हापिसातली माणसं यायलीत म्हणून. सतरंज्या बी आणल्यात."

आमच्याकडे पंगतीला येतो म्हणून न येणं साधं नाही, यजमानाचं तोंड उतरतं. अप्पा बाजारातलं वजनदार माणूस. त्यांना कुणी फसवलं असं होणार, आणि तेही माझ्या माणसांनी. मी गौरीला सांगितलं. ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "अगं, ते खरं धरलं त्यांनी? मला वाटलं, आपण नेहमी म्हणतो तसं..." तिच्या मुलाची परीक्षा होती. तिला खरंच वाईट वाटलं. निखिल म्हणाला, "लोकेशन पाठवून ठेव, बघू या." त्याचा अर्थ मला आता कळत होता.

अप्पांना फोनवर सांगायचा प्रयत्न केला, पण मी "अप्पा, ती माणसं" एवढं म्हटलं की ते म्हणायचे, "तू ये, मग बघू," आणि फोन ठेवायचे. शेवटी मी रजा टाकली. मॅनेजरनी एका शब्दात मंजूर केली. इतकी वर्षं मी कधी मागितलीच नव्हती.

येळवशीच्या सकाळी उदगीरच्या स्टँडवर अप्पा स्कूटर घेऊन आले होते. धोतर, नवी टोपी, कपाळाला विभूती. मी बॅग खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं. "अप्पा, कुणी येणार नाही. ते आपलं नुसतं म्हणाले होते."

"बरं," अप्पा म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळेना. पाठीवरून काही समजतही नाही.

रानात पोचलो तर तूर खांद्याला लागत होती, हरभऱ्याला घाटे धरले होते आणि कोपीपुढं नव्या सतरंज्या अंथरलेल्या होत्या. सतरंज्या बघून मला रडूच आलं. काकू लगबगीनं आली. "कांते, आलीस व्हय! कुठं हायेत तुझे पाव्हणे?" मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पा मागून म्हणाले, "बार्शीपसी हायेत. गाडी पंक्चर झालीय म्हणं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस.

पूजा झाली. अप्पांनी पिकावर आंबील शिंपडली. काका विचारायला आले, "दादा, पाव्हणे कुठवर आले?" "मुरूडला चहा प्यायला थांबलेत." शेजारच्या रानातला मारुती आला, "शेठ, आली का पुण्याची मंडळी?" "लातुरात वाट चुकलीत, येत्याल." दुपारपर्यंत सगळ्या शिवाराला कळून चुकलं की कुणी येत नाही, आणि मग जो हशा सुरू झाला तो थांबेना. काकूच्या बहिणीनं पाहुण्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं. मारुती म्हणाला, शेठच्या पाव्हण्यांना आता पुढल्या येळवशीचंच जेवण मिळतंय. काका तर झाडावर चढून लातूरकडं बघतोय असं सोंग करत होते. अप्पा मिशीतल्या मिशीत हसत भज्जीवर तेल घेत होते. सगळे त्यांना हसत होते आणि ते माझ्यामुळं.

जेवणं झाल्यावर अप्पा हात धुवायला विहिरीकडे गेले, मी मागोमाग गेले. "अप्पा, कशाला असं बोलायलात? समदे हसायलेत तुम्हाला."

"हसू दे की." त्यांनी उपरण्यानं हात पुसले. "ती येणार न्हाईत हे मला त्याच दिशी कळलं हुतं. जलमभर कापड इकायलोय मी. 'फिरून येतो' म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक वळखू येत न्हाई व्हय? तुझी मैतरीण ग्वाड बोलली. पर आवाज त्योच."

"मग भावकीभर सांगत कशाला सुटलात?"

अप्पांनी कोपीकडं नजर टाकली. तिकडून अजून हसण्याचे आवाज येत होते. "सकाळपसून तुला कुणी काय इचारलं?"

"पाहुणे कुठं आहेत म्हणून."

"आन्?"

मी आठवून बघितलं. काकू, तिची बहीण, मारुती, काका. "आणखी काही नाही."

"मंग?" अप्पा म्हणाले. "मला हसायलेत तवर तुला इचारणार न्हाईत. कोण कशाला इचारंल? त्येंना आज दुसरं सुचतंय का?"

मी विहिरीच्या काठावर बसले आणि रडले, पण ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. पाठीवरचं ओझं कुणी हळूच उतरवून घ्यावं आणि मगच आपल्याला कळावं की केवढं होतं, तसं झालं. मला रजा न मिळण्याचं खरं कारण त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ते भावकीशी भांडले नाहीत, काकूला समज दिली नाही, मला 'लोकांकडं लक्ष देऊ नको' असंही म्हटलं नाही. त्यांनी स्वतःची फजिती करून घेतली आणि त्या आडोशाला मला जेवायला बसवलं.

पुण्यात आल्यावर मी डब्यातून उंडे नेले. गौरीनं दोन खाल्ले, तिसऱ्यासाठी भाजीच्या डब्याचं झाकण पुढं केलं. तिला मी सगळं सांगितलं, आणि ह्या वेळी तिनं दोन्ही इयरफोन काढून ऐकलं. ती ओशाळली. मी म्हटलं, ओशाळू नकोस, तू आली असतीस तर माझं काम बिघडलं असतं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत, त्यांना एक विचारावंसं वाटतं. आपण घरी जात नाही तेव्हा रजेचं, तिकिटाचं, ट्रॅफिकचं सांगतो, पण बहुतेकांना अडवतो तो एखादा प्रश्नच. कुणाला पगाराचा, कुणाला मुलांचा, कुणाला लग्नाचा. पुण्यात तो प्रश्न नाही म्हणून मी इथं सुखानं राहते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि जे मागं राहिलेत त्यांना एवढंच सांगते, की तुमच्यातलं एक माणूस जरी त्या प्रश्नाच्या वाटेत उभं राहिलं तरी आम्हाला तेवढं घर पुरतं.

त्या दुपारी विहिरीवरून परत आले आणि कोपीच्या सावलीत आडवी झाले. इतक्या माणसांत, भर उजेडात, मी कधी अशी पडले नव्हते. अव्वानं अंगावर शाल टाकली आणि बायकांना म्हणाली, "निजू द्या तिला." काकू म्हणाली, "निजू दे बाई. पाव्हणे आले की उठवू तिला!" सगळे पुन्हा हसायला लागले, आणि त्यात अप्पांचं हसणं सगळ्यात मोठं होतं. ते ऐकता ऐकता मला झोप लागली.