हौ जी

अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला शिका, असं हल्ली मी शाळांच्या गॅदरिंगमध्ये पाहुणा म्हणून सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. घरी येऊन मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचं गाव लाखनीपासून आत. वरच्या अंगाला जुना तलाव आणि खाली धानाच्या बांध्या. माझा बा त्या तलावाचा पाणकर होता. तलावाच्या दगडी मोरीला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमाची लाकडी बुचं आमच्या घरी असायची, आणि कुणाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं ते बा ठरवायचा. तलावाचा बांध म्हणजे पाळ, बाच्या तोंडी 'पार'; ती कुठे झिरपते हे त्याला अनवाणी चालताना पायाला कळायचं. पाणी सोडण्यात त्यानं कधी लहान-मोठा केला नाही, म्हणून गावात त्याच्या शब्दाला वजन होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. त्या उन्हाळ्यात पुण्याकडचा एक ओव्हरसियर आला. तलावाचा सांडवा हातभर उंच केला की पाणी जास्त साठेल, असा त्याचा बेत. माझं अक्षर बरं म्हणून कागद लिहायला त्यानं मला धरलं आणि सहज म्हणाला, "ऑफिसात तुझ्यासाठी बघू काहीतरी." झालं. त्या दिवसापासून मी त्याची छत्री धरून फिरायला लागलो.

बा जेवताना म्हणाला, "उगवतीकडची पार खेकड्यायनं पोखरली हाय. हातभर पानी चढलं तं बसन ते. तू विचार ना त्याले, काहून उंच करून राहिला म्हनून."

"बा, साहेबाले 'काहून' म्हनून नाई विचारत."

"मंग तुले शिकवलं कायले?"



दुसऱ्या दिवशी पाळीवर बानं स्वतःच तोंड उघडलं. "साहेब, हे उगवतीकडची पार..." एवढ्यावरच ओव्हरसियर सुरू झाला. नकाशा, मोजमाप, वरचा हुकूम. शेवटी म्हणाला, "समजलं ना?"

"हौ जी," बा म्हणाला.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला 'हौ जी' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकून राहिलो, बोला. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा तसं. पटलं असेल तर माणूस म्हणतो, 'बराबर हाय.' बा ते म्हणाला नव्हता. पुण्याकडच्या माणसाला हा फरक कळणं कठीण होतं, पण मला तो कळत होता. ओव्हरसियर म्हणाला, "लिही, पाणकरास योजना मान्य." मी वळणदार अक्षरात लिहिलं. बानं अंगठा उठवला. वाचून दाखव असं तो म्हणाला नाही, कारण लिहिणारा मी होतो.

पावसाआधी सांडवा उंच झाला, तलाव काठोकाठ भरला. पोळ्याच्या सकाळी, बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवत असताना, उगवतीची पाळ बसली. माणसं वाचली, देवाची कृपा. पण रोवणी झालेल्या बांध्यांवर गुडघाभर वाळू पसरली. सजवलेले बैल दावणीलाच राहिले आणि बाया दारात बसून रडत होत्या.

भंडाऱ्याहून मोठा साहेब चौकशीला आला. त्यानं कागद वाचला. "पाणकरानंच मान्यता दिली आहे की!"

बा उभा राहिला. "हौ तं म्हनलो जी. पन ते तसलं हौ नोहोतं."

साहेब लोक खो खो हसले. मग मोठ्या साहेबानं कागद माझ्यापुढे धरला. "हे तूच लिहिलंस ना? वडील म्हणाले तेच लिहिलंस?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. ओव्हरसियर माझ्याकडे बघत होता. बासुद्धा बघत होता.

"हौ जी," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी. बाचं काम काढून घेतलं. तुडुमाची बुचं त्यानं घरून पुसून आणली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. ओव्हरसियर बदलून गेला, तोही बढतीवर म्हणे. मला ऑफिसात चिकटवलं गेलं. त्या काळी साहेबाला विचारणारं होतंच कोण, असं कुणी म्हणालं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. होता की! माझा बाप होता. त्यानं आपला प्रश्न शिकलेल्या लेकाच्या हाती दिला, आणि लेक मूग गिळून बसला.

बा पुढे आठ-नऊ वर्षं जगला. कधी भांडला नाही, एका शब्दानं बोलला नाही. शनिवारी एस्टीनं मी घरी जायचो. "जेवला का बा?" मी विचारायचो. "औषध घेतलं का?" आधी तो 'हौ रे' म्हणायचा. मोठ्या साहेबाच्या त्या चौकशीनंतर तो माझ्यासमोर उठून उभा राहायचा, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करायचा आणि खाली बघत म्हणायचा, "हौ जी."