कुंकू लागलेली बूट फ्लॉपी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. गावाकडे कुणी 'अमक्याला विहिरीजवळ कायतरी दिसलं' असं सांगू लागलं की मी उठून बाहेर जायचो. माझा धंदा कॉम्प्युटर शिकवण्याचा... त्यात एक तर चालतं, नाही तर चालत नाही, आणि न चालण्यामागे कारण असतंच. ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, असं मी पोरांना सांगत आलो. मी लिहितोय त्या गोष्टीचं कारण मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ शोधतो आहे. आणि कारणापेक्षाही, माझी एक चूक चारचौघांसमोर सांगायची राहिली आहे, म्हणून हा खटाटोप.

साल १९९७. सांगलीत गावभागात एका छापखान्याच्या वर माझा छोटा क्लास होता. तीन मशीन, जमिनीवर सतरंजी, मॉनिटरला बायकोने शिवलेले कापडी झगे आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जाणं म्हणजे देवळात गेल्यासारखंच पाप होतं! मागच्या दोन खोल्यांत मी आणि सुनंदा राहायचो.

त्या पावसाळ्यात सांगलीतल्या एका कॉलेजात लिनक्स ही कॉम्प्युटरची सिस्टिम शिकवणारा माणूस हवा होता. मी पुस्तकात वाचून बरंच शिकलो होतो, पण प्रत्यक्ष सिस्टिम हातात नव्हती. इंटरनेट म्हणजे आमच्यासाठी वर्तमानपत्रातला शब्द. साताऱ्यात माझा मित्र विजय एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्याकडे लिनक्सची सीडी आली होती. माझ्या मशीनला सीडी ड्राइव्हच नव्हता. म्हणून फ्लॉप्यांची दोन खोकी घेऊन एस.टी.ने साताऱ्याला गेलो.

दिवसभर आम्ही फ्लॉप्या बनवत बसलो. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो – सीडीवर एक 'इमेज' फाइल असायची, म्हणजे आख्ख्या फ्लॉपीचा ठसाच. तो एका छोट्या प्रोग्रॅमने कोऱ्या फ्लॉपीवर जसाच्या तसा उतरवायचा. पहिली बूट फ्लॉपी, दुसरी रूट, आणि मग बाकीच्या वीसेक. मशीन चालू होताना पहिली ड्राइव्हमध्ये नसेल, तर उरलेल्या सगळ्या म्हणजे नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या.

निघताना विजय म्हणाला, "बूटची एक जादा प्रत काढून घे, गड्या. मी परवा बंगळूरला चाललोय, सीडी माझ्याबरोबर. महिनाभर मी काय तुला गावत न्हाई."

माझ्याकडे कोरी फ्लॉपी उरली नव्हती. साडेपाचची गाडी गाठायची होती. म्हणालो, "घरी जाऊन काढतो." घरी येऊन काढली नाही. रोज क्लासमध्ये फळ्यावर 'बॅकअप' हा शब्द लिहिणारा माणूस मी... आज काढू, उद्या काढू करत राहिलो.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, लक्षात ठेवा. कारण मी ते त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात अण्णा आले होते, माझे वडील. कडेगावजवळ आमचं गाव, थोडा ऊस. अण्णांनी पंधरा वर्षं फौजेत वायरलेस ऑपरेटर म्हणून काढली होती. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी ते सांगलीत होते. दिवसभर क्लासच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. फ्लॉपी ड्राइव्ह कटकट वाजू लागला की कान टवकारायचे.

"सदा, ह्यो तुझा ऑपरेटर लय घाईत हाय रं. काय पाठवतोय, कायबी कळंना."

मोर्स त्यांच्या बोटांत मुरलं होतं. लहानपणापासून मी एक गोष्ट पाहत आलो होतो. त्यांना काही सांगितलं की ते 'बरं' किंवा 'हो' म्हणायचे नाहीत. बोटाने ठोके द्यायचे – एक छोटा, एक लांब, एक छोटा. टिक, टिऽऽक, टिक. वायरलेसवर त्याचा अर्थ 'तुझा निरोप पोचला'. ताटाच्या काठावर, सायकलच्या हँडलवर, आणि शाळेत चांगले मार्क मिळाले की माझ्या पाठीवर. आई चिडायची – "आवं, तोंडानं बोला की! मी काय पलटणीतली हाय व्हय?" त्यावर पुन्हा ताटावर तेच तीन ठोके.

त्यांनी मला एकदा विचारलं, "ह्या येवढ्या चकत्यांत मुख्य कंची?" मी बूट फ्लॉपी दाखवली. "ही नसेल तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही." अण्णांनी टेबलावर तीन ठोके दिले.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. सुनंदाने तिन्ही मशीन पुसली, कीबोर्डवर झेंडू ठेवला. मी हार आणायला गणपती मंदिराकडे गेलो होतो. परत आलो तर पाटावर सगळ्या फ्लॉप्या ओळीने मांडलेल्या. सगळ्यांच्या लेबलवर बारीक कुंकवाचं बोट. आणि बूट फ्लॉपी अण्णांच्या हातात होती. तिची पत्र्याची झडप त्यांनी अंगठ्याने सरकवून धरली होती, आणि आतल्या तपकिरी चकतीवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं ओलं बोट टेकवलं होतं.

मी ओरडलो, "अण्णा! काय केलंत हे?"

ते दचकले. मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "आरं, कुंकू धारंला लावायचं असतंय. म्यानाला न्हाई. वायरलेस सेटवर असताना आमी बी ठोके द्यायच्या किल्लीलाच लावायचो, खोक्याला न्हाई. हिचा मान पहिला म्हणालास न्हवं..."

ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. घर्र, कट, कट, कट... आणि स्क्रीनवर 'डिस्क वाचता येत नाही'. तिन्ही मशीनवर तेच. कॉलेजात लिनक्स चालवून दाखवायचं प्रात्यक्षिक तीन दिवसांवर होतं.

मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. "तुम्हाला यातलं काय कळतं? माझ्या कशालाही हात लावू नका. आता कॉलेजात काय सांगू मी – बापानं कुंकू लावलं म्हणून?" सुनंदा मध्ये पडली, "अहो, पुरे!" मी थांबलो नाही.

अण्णा एवढंच म्हणाले, "चुकलं रं माझं." त्यांचं बोट टेबलावर होतं. ते हललं नाही.

जादा प्रत मी काढली नव्हती, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. ती असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं, आणि आम्ही त्या कुंकवावर हसलो असतो. मला ते ठाऊक होतं. ओरडतानासुद्धा ठाऊक होतं. बहुतेक म्हणूनच इतका ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णा पहाटेच तयार होऊन बसले. "पाटाचं पाणी यायचंय, गेलं पायजे." सुनंदा म्हणाली, "निदान सोनं तरी घेऊन जा, मामंजी." ते हसले, "गावाकडं लय झाडं हायती आपट्याची." मी अंथरुणात डोळे मिटून पडून होतो. जागा होतो. त्यांनी दाराची कडी हळूच लावलेली मला ऐकू आली. त्या वर्षी बापाच्या हातावर मी सोनं ठेवलं नाही.

कॉलेजातलं काम दुसऱ्याला मिळालं. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा अण्णांनी विचारलं, "ती चकती गावली का रं दुसरी?" विजय तोवर परत आला होता. मी हट्टाने त्याच्याकडे गेलोच नव्हतो. मी म्हणालो, "बघू." बस्स, एवढंच. माघात ते बांधावर बसल्या जागी गेले. मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी, १९९८. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. खाली छापखाना सुट्टीमुळे बंद, क्लासही बंद. सुनंदा पूजेसाठी कपाट आवरत होती. लिनक्सच्या फ्लॉप्यांचं खोकं वर्षभर कुणी उघडलं नव्हतं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे पण पूजेला ठेवू या का? आणि यात एक पाकीट आहे... तुम्ही ठेवलंय?"

मी ठेवलं नव्हतं. जुन्या लाइट बिलाचं पाकीट होतं. आत ती बूट फ्लॉपी आणि वहीचा घडी घातलेला कागद. अण्णांचं अक्षर, सुटं सुटं, फौजेत फॉर्म भरायला शिकलेल्या माणसाचं:

"मी लिहून देतो की सदर चकती माझ्या हातून खराब झाली आहे. त्यात माझा मुलगा सदाशिव याचा कोणताही दोष नाही. कोणी विचारल्यास हा कागद दाखवावा."

खाली पूर्ण सही आणि हवालदार हा हुद्दा.

फौजेत सरकारी सामान मोडलं की ज्याच्या हातून मोडलं त्याने लेखी जबाब द्यायचा असतो, हे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. मी 'कॉलेजात काय सांगू' असं ओरडलो होतो ना... त्यांनी रात्रीतून माझी सोय करून ठेवली होती. आणि तो कागद वर्षभर माझ्यापासून दोन हातांवर पडून होता.

सुनंदाने वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी खोलीत एकटाच. काय करावं कळेना. का कोण जाणे, मशीन चालू केलं आणि ती फ्लॉपी आत सरकवली. सरकवण्याआधी झडप उघडून पाहिली होती. चकतीवर कुंकवाचा वाळलेला डाग तसाच होता, बोटाच्या रेषांसकट.

घर्र... कट, कट. तोच ओळखीचा खराब फ्लॉपीचा आवाज. स्क्रीनवर तीच ओळ.

मग मी मोठ्याने बोललो. रिकाम्या खोलीत माणूस असं बोलत नाही, पण बोललो. "अण्णा, जादा प्रत काढायची मीच राहू दिली होती. विजयनं सांगितलं होतं. मी काढली नाही. तुमचा दोष नव्हता. चुकलं माझं."

आणि कसलंही बटण न दाबता ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला.

टिक. टिऽऽक. टिक.

मग पुन्हा एकदा, सावकाश, अजिबात घाई न करता – एक छोटा, एक लांब, एक छोटा.

त्यानंतर ड्राइव्ह सुरळीत फिरू लागला. स्क्रीनवर 'लोडिंग' आलं, आणि त्याच्यापुढे एकेक टिंब उमटत गेलं......... रूट फ्लॉपी घाला, असं मशीनने विचारलं. मी घातली. भीती म्हणाल तर अजिबात नव्हती. लहानपणी पाठीवर बोटं वाजली की जसं ऊबदार वाटायचं, तसं काहीतरी वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फ्लॉप्या एकामागून एक गेल्या. कुठेही अडखळलं नाही. शेवटी मशीनला नाव द्यायचा टप्पा येतो. मी 'अण्णा' असं दिलं.

सुनंदाला विचारलं, तू काही ऐकलंस का. ती म्हणाली, "तुम्ही बोलताना ऐकलं. आणि मग टेबल वाजवल्यासारखं. मला वाटलं तुम्हीच वाजवताय... मामंजींसारखं."

माझे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी तीच फ्लॉपी पुन्हा घालून पाहिली. वाचली नाही. मिरजेला ड्राइव्ह दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांच्याकडे नेली. त्यांनी झडप उघडली आणि माझ्याकडेच पाहिलं. "ह्याच्यावरनं मशीन चालू झालं म्हणता? आहो, डाग बघा की केवढा! ह्यानं हेड घाण होईल, सिस्टिम कुठली चढतीय!" मी विचारलं, कुंकू थोडं झडलं असेल, एखाद्या वेळेस वाचलं असेल? ते म्हणाले, "मग आज का वाचंना?" बंद पडलेला ड्राइव्ह आपोआप पुन्हा कसा फिरला, असं विचारलं तर त्यांनी फ्लॉपी माझ्या हातात परत ठेवली. ड्राइव्ह पुन्हा वाचायचा प्रयत्न करताना असे तुटक आवाज येतात, हे मलाही माहीत आहे. मी हजारो वेळा ऐकलेत. त्या दिवसाआधी नाही आणि नंतर नाही, असा आवाज मी एकदाच ऐकला.

खंडेनवमीच्या त्या संध्याकाळीच मी आपट्याचं एक पान दारावरच्या तोरणातून काढलं आणि त्या खुर्चीवर ठेवलं, जिथे ते बसायचे. एक दिवस आधीच. दसऱ्यापर्यंत मला थांबवलं नाही.

आता सिस्टिम पेन ड्राइव्हवर येते. मुलगी डाउनलोड करते, चहा होईपर्यंत इन्स्टॉल करून मोकळी होते. ती फ्लॉपी आणि तो कागद मी एकाच पाकिटात ठेवले आहेत. कागदावर अण्णांच्या सहीखाली बरीच जागा उरली होती. तिथे मी त्या खंडेनवमीलाच लिहिलं – "वरील जबाब चुकीचा आहे. प्रत काढली नव्हती, तो दोष माझा." खाली माझी सही केली.

फ्लॉपी त्या दुपारी कशी चालली, हे मला माहीत नाही. निरोप पोचला, एवढंच कळलं.