खड्यांची पंगत

आधीच सांगते, मी अशातली नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर आठवड्याला कुणाला ना कुणाला दर्शन होतं, आणि ते नेमकं भांडी घासायच्या वेळी होतं. मी सत्तरी ओलांडली. नवरा पुरला, दोन भाऊ पुरले, कोणी परत येऊन माझ्याशी बोललं नाही. देवावर विश्वास आहे. आवाज, सावल्या, असल्या गोष्टींवर नव्हता... आता काय म्हणायचं ते तुम्हीच वाचून ठरवा. माझी शाळा चौथीपर्यंत, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. घराला दोन दारं. पुढचं रस्त्यावर, मागचं परसातल्या वाडीत. मागच्या दाराबाहेर ओटा, ओट्यापुढे वाडी, वाडीला काट्याचं कुंपण आणि एक फाटक. ते तारेनं बांधलेलं असतं आणि उघडलं की असं करकरतं की शेजारची कमला तिच्या घरातून विचारते, कोन आलं. घराला लागूनच पत्र्याचं प्रार्थनामंदिर. माझा मुलगा दानियल तिथला पाळक.

दोन वर्षांपूर्वी थंडीत अमेरिकेहून एक टीम आली. आजूबाजूच्या खेड्यांतले पाळक आणि तरुण पोरंपोरी यांना आठवडाभर ट्रेनिंग द्यायला. दोन बाप्ये, एक बाई. त्यातल्या एकानं पाळकांना शिकवलं की उपदेश थोडक्यात करावा. सगळ्यात कामाचा धडा तोच होता आणि तोच कोणी शिकला नाही. बाई माझ्याच वयाची, डोरा तिचं नाव. ती पोरांना शिकवायची – लहान लेकरांचं शिबिर कसं घ्यायचं, गोष्ट कशी सांगायची. आणि शिकवून झालं की सरळ माझ्या स्वयंपाकघरात. तिला मराठी येत नव्हती, मला इंग्रजी. त्यामुळे आमचं भांडण झालं नाही.

तिला रिकामं बसवत नसे. मी तिला मागच्या ओट्यावर बसवलं आणि निवडायची तुरीची डाळ सुपात घालून तिच्यापुढे सरकवली. आमची डाळ घरची, तीत खडे असतातच. बाईनं छान निवडली. पण प्रत्येक खडा काढला की फेकायचा नाही – ओट्याच्या काठावर ओळीनं मांडायचा. लहान आधी, मोठा मागे. मी म्हटलं, "गोटे फेकून दे न बाई. त्याईची पंगत कायले बसवतं?" ती हसली आणि पुढचा खडा मांडला.

एक शब्द मात्र ती शिकली. स्वयंपाकघरातून उठताना मी म्हणते "येतो", ते ऐकून. टीमबरोबर पुण्याची एक दुभाषी मुलगी होती. तिनं दुरुस्त केलं की बायकांनी 'येते' म्हणायचं. मी सांगितलं, इकडच्या बायाही बोलताना 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात, तिचं बरोबर आहे, राहू दे. पण डोराबाईला 'त' जमेना. ती म्हणायची, "येटो, माय." पोरं हसून लोळायची. गाडीत बसतानाही तेच म्हणाली. मी मनात म्हटलं, या वयात ही कुठली येते.

आता माझ्या अडचणीचं सांगते. गेल्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ईस्टरच्या जेवणात ढाणकीहून आलेल्या पाहुण्या पाळकांच्या दाताखाली खडा आला आणि दाताचा टवका उडाला. भला माणूस, आमेन म्हणून तुकडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. पण सून सरिता त्या दिवसापासून म्हणू लागली, आत्याबाई, आता तुम्ही बसून राहा, मंडळीचं जेवण बाहेरून सांगू. वाईट बोलली नाही. पण ज्या चुलीवर मी सगळ्या मंडळीला जेवू घातलं ती बंद, आणि मी खाटेवर बसून शेंगा सोलायच्या? मी म्हटलं, उन्हाळ्यात पोरं पहिल्यांदा स्वतःच्या भरवशावर लेकरांचं शिबिर घेणार आहेत, तेवढं जेवण माझं. एक जरी खडा निघाला तर पळी मीच खाली ठेवीन.

शिबिराचा दिवस आला. सरिता, दानियल, पोरं, सगळे मंदिरात. लेकरांची गाणी पत्र्यावर आपटत होती. मी सकाळच्या उन्हात सूप घेऊन मागच्या ओट्यावर बसले. खडा डाळीसारखा दिसे, डाळ खड्यासारखी. बोटांनी चाचपून मूठभर निवडली आणि कळलं की हे होत नाही. सरितेला हाक मारावी तर मीच हरले. तेवढ्यात आत आधण उतू गेलं. मी उठले, लाकूड मागे ओढलं, झाकण काढलं, भात वैरला.

आणि ओट्यावरून आवाज आला, "येटो, माय."

मी वळलेही नाही. सवयीनं म्हटलं, "ये, बापा, ये." जाणाऱ्याला म्हणतो तसं. मग हातातलं झाकण तसंच घेऊन उभी राहिले.

बाहेर आले. कोणी नाही. फाटकाची तार बांधलेली, करकर झालेली नाही. सूप जिथं ठेवलं तिथंच. त्यातली सगळी डाळ निवडलेली, एका बाजूला सारलेली. आणि ओट्याच्या काठावर खडे. ओळीनं. लहान आधी, मोठा मागे.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. भात चुलीवर होता, वरण व्हायचं होतं. मी डाळ धुतली आणि टाकली.

जेवताना सरिता एकेक घास जिभेनं तपासत होती, मला दिसत होतं. तेवढं दिसतं. लेकरं जेवली, पोरं जेवली, कोणाच्या दाताखाली काही आलं नाही. पातेलं रिकामं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, डाळ कोनं निवडली?"

"डोराबाईनं."

ती हसली. म्हणाली, तुमच्याशी कोण बोलेल. पण बाहेरून जेवण सांगायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

त्याच संध्याकाळी दानियलला अमेरिकेहून फोन आला. डोराबाईच्या मुलीचा. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की डोराबाईला लकवा मारला होता आणि कित्येक आठवडे तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिकडच्या आदल्या रात्री, म्हणजे आमच्याकडे त्याच दिवशीची सकाळ होती तेव्हा, ती झोपेत बोलली. स्पष्ट. एकच शब्द. घरात कोणाला तो कळला नाही. मुलीला वाटलं, आईची भाषाच गेली. मग तिला आमचं गाव आठवलं. तिनं फोनवर तो शब्द म्हणून दाखवला आणि विचारलं, याचा अर्थ काय.

दानियलनं फोनवर हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "माय, येतो म्हनते ती. पोरगी विचारून राह्यली अर्थ काय. येतो सांगू का जातो सांगू?"

पाळक असून त्याला हे मला विचारावं लागलं. मी म्हटलं, "दोनी सांग. जानारा मानूस आमच्याकडं हेच म्हनते. अन् हेबी सांग, का असं म्हननारा वापस येते. त्याच्यासाठीच म्हनते."

त्यानं सांगितलं. पलीकडे ती पोरगी आधी रडली आणि मग हसली, असं दानियल म्हणाला.

डोराबाई बरी आहे. उजवा हात अजून उचलता येत नाही, पण बोलते. मध्ये व्हिडिओ कॉल झाला. मी तिला सूप दाखवलं. तिनं डावा हात वर केला आणि चिमटीत काहीतरी धरून हवेत एकापुढे एक मांडलं. त्या सकाळचं विचारायला दानियलला सांगितलं. तिला काही आठवत नाही.

मी कमलेला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मले माहीच डाळ निवडाले येळ नाई, तुही कायले निवडू?" पोरांना विचारलं, कोणी मंदिराबाहेर पडलं नव्हतं. आधण उतू जाऊन भात वैरेपर्यंत किती वेळ लागतो ते स्वयंपाक करणाऱ्यांना माहीत आहे. तेवढ्यात मंडळीपुरती डाळ निवडून होत नाही. मी डोळे धड असतानाही इतक्या लवकर कधी केली नाही. याचा उलगडा मला झालेला नाही. दानियल म्हणतो, देवाची कृपा. असेल. पण देव खडे ओळीनं मांडत बसेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्यानंतर माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता बारीकातला बारीक खडा दिसतो. मंडळीचं जेवण माझ्याच चुलीवर होतं. त्या दिवशीचे खडे मी तेव्हाच वाडीत फेकले, खडे काय जपून ठेवायचे.

फक्त डाळ निवडताना आता माझाही हात फेकायला जात नाही. खडे काठावर ओळीनं लागतात. लहान आधी, मोठा मागे. परवा सरितेनं विचारलं, "आत्याबाई, पंगत कोनासाठी बसवली?" मी म्हटलं, येनार हाय एक जन.